गच्चीच्या जिन्याने शिकवलं

गच्चीवर जाणारा आमचा बाहेरचा जिना काही पावसाळ्यांतच खालून सोलला. फोडल्यावर कळलं, ओतताना सळ्या थेट साच्याच्या फळ्यांवर टेकवलेल्या. कव्हर, म्हणजे सळ्यांखालचा काँक्रीटचा थर, शून्य! पाणी शिरलं, सळ्या गंजून फुगल्या आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटले.

नव्याने बांधताना सळ्यांखाली 30 मिमीचे कव्हर ब्लॉक ठेवले. माल 1:1.5:3 (सिमेंट, वाळू, खडी), पाणी मोजूनच. मिस्त्री दोनदा म्हणाला, "दादा, घट्ट होतंय, अजून पाणी टाकू?" नाहीच टाकू दिलं, सळईने कोचून कोचून भरलं. पायऱ्या सगळ्या 16 सेंमी उंच, बाहेरच्या बाजूला किंचित उतार. (उंची मोजताना वरच्या फरशीची जाडी धरायला मी विसरणारच होतो.) मग दहा दिवस ओली गोणपाटं. टेकू 14 दिवसांनी काढले, मिस्त्रीची कुरकुर ऐकत.