१/एस चा ब्लॉक: स्प्रिंग-डँपरचा ब्लॉक डायग्राम कसा जोडायचा

सिम्युलिंक या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये इंटिग्रेटरच्या (इनपुटचं इंटिग्रेशन करणाऱ्या) ब्लॉकवर १/एस लिहिलेलं असतं. लाप्लास रूपांतरात (डेरिव्हेटिव्हची समीकरणं एस या चलाच्या साध्या बीजगणितात बदलणारी पद्धत) सुरुवातीची किंमत शून्य धरली, तर डेरिव्हेटिव्ह घेणं म्हणजे एसने गुणणं आणि इंटिग्रेशन म्हणजे एसने भागणं. म्हणून ब्लॉकमध्ये त्वरण घातलं की वेग निघतो, वेग घातला की विस्थापन.

उदाहरण घेऊ: वस्तुमान २ किलो, डँपर (वेगाला विरोध करणारा भाग) ४ न्यूटन-सेकंद प्रति मीटर, स्प्रिंग ५० न्यूटन प्रति मीटर, आणि अचानक लावलेलं १० न्यूटन बल.

आधी समीकरणात सर्वांत वरच्या पायरीचं डेरिव्हेटिव्ह एकटं काढा:

त्वरण = (बल − ४ × वेग − ५० × विस्थापन) ÷ २

कंसासाठी समिंग जंक्शन (सिग्नलची बेरीज-वजाबाकी करणारा ब्लॉक) ठेवा, चिन्हं + − −. त्यापुढे ०.५ चा गेन (ठरलेल्या आकड्याने गुणणारा ब्लॉक), मग १/एस चे दोन ब्लॉक एकापाठोपाठ. पहिल्यातून निघालेला वेग ४ च्या गेनमधून आणि दुसऱ्यातून निघालेलं विस्थापन ५० च्या गेनमधून जंक्शनकडे परत न्या. समीकरण दुसऱ्या ऑर्डरचं, म्हणून इंटिग्रेटर दोनच.

सुरुवातीचा वेग पहिल्या इंटिग्रेटरच्या सेटिंगमध्ये भरा, सुरुवातीचं विस्थापन दुसऱ्याच्या. ट्रान्सफर फंक्शनचा (आउटपुट भागिले इनपुट, एसमध्ये लिहिलेलं) एकच तयार ब्लॉक वापरला तर सुरुवात शून्यापासूनच धरली जाते. ताणलेली स्प्रिंग सोडून बघायची असेल तर तो कामाचा नाही.

उत्तर तपासायचं कसं? विस्थापन शेवटी १० ÷ ५० = ०.२ मीटरवर स्थिरावलं पाहिजे. डँपिंग रेशो (डोलणं किती लवकर शमतं याचं माप) ०.२ येतो, त्यामुळे पहिली उसळी साधारण ०.६४ सेकंदाला ०.३०५ मीटरपर्यंत जाते. आलेख आवरेनासा झाला तर आधी जंक्शनची चिन्हं बघा. दोन वजांपैकी एक जरी अधिक झालं तरी मॉडेल अस्थिर होतं.

चिन्हं बरोबर असूनही आकडे फुगत असतील तर सॉल्व्हर (समीकरण वेळेच्या छोट्या पायऱ्यांनी सोडवणारी पद्धत) बघा. फिक्स्ड स्टेप (वेळेची पायरी कायम एकच) ऑयलर पद्धतीत या मॉडेलला ०.०८ सेकंदापेक्षा लहान स्टेप लागते. ०.१ ठेवली तर खरी स्प्रिंग शांत होते आणि स्क्रीनवरची सुटते! ०.००१ ठेवा, किंवा व्हेरिएबल स्टेप निवडा.

उलट बाजूने, विस्थापनावरून एसचे ब्लॉक लावून त्वरण काढायचा मोह टाळा. एसचा गेन (इथे सिग्नल किती पट होतो ते) फ्रीक्वेन्सीबरोबर वाढतो, त्यामुळे सेन्सरचा बारीक नॉइजही मोठा होतो. १/एसचा गेन मात्र घटत जातो. पण त्यालाही एक खोड आहे: इनपुटमध्ये किंचित स्थिर ऑफसेट राहिला, तर फीडबॅक नसलेला इंटिग्रेटर तो साठवत राहतो आणि आउटपुट सरळ रेषेत वाहत जातं.