परदेशी शिक्षणाची तयारी: दुसऱ्याच्या हातातली कामं आधी

परदेशात शिकायला जायचं मनात आलं की बहुतेक विद्यार्थी आधी इंग्रजीच्या परीक्षेची पुस्तकं आणतात. त्यात चूक काही नाही, पण अभ्यास आपल्या हातातला असतो. मागे पडला तर चार रात्री जागून भरून काढता येतो. विद्यापीठाकडून मिळणारी ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा), प्राध्यापकांचं शिफारसपत्र, व्हिसाच्या मुलाखतीची तारीख, बँकेत रक्कम ठेवून मोजायचे दिवस, यांतलं काहीच जागरणाने पुढे सरकत नाही. चांगले गुण असलेल्या मुलामुलींचं वर्ष जातं ते बहुधा असल्या एखाद्या कागदापायी. म्हणून ही यादी महत्त्वाच्या क्रमाने लावलेली नाही. ज्या कामाला दुसऱ्यावर अवलंबून राहावं लागतं, ते आधी, असा तिचा क्रम आहे. तुम्ही पदवीच्या पहिल्या वर्षाला असाल तर हातात भरपूर वेळ आहे. शेवटच्या वर्षाला असाल तरी हे जमण्यासारखं आहे, फक्त याच आठवड्यात सुरुवात करा.

आधी कॅलेंडर घ्या आणि उलट मोजा. ज्या सप्टेंबरमध्ये वर्गात बसायचं आहे, त्याच्या 18 महिने मागे खूण करा. तिथून विद्यापीठं शोधायची. अमेरिकेतल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या बऱ्याच मुदती डिसेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत संपतात, म्हणजे प्रवेशाच्या आठ-नऊ महिने आधी. ब्रिटनमध्ये पदवीसाठी युकास या एकाच पोर्टलवरून अर्ज जातो. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक वैद्यकीय अभ्यासक्रमांची मुदत आधीच्या वर्षीच्या 15 ऑक्टोबरला संपते. जर्मनीत हिवाळी सत्राची सर्वसाधारण मुदत 15 जुलै असली, तरी परदेशी विद्यार्थ्यांसाठीचे कितीतरी अभ्यासक्रम त्याच्या बरेच आधी अर्ज बंद करतात. तिथे अनेक विद्यापीठं कागद तपासायचं काम युनि-असिस्ट या संस्थेकडे देतात आणि त्या तपासणीला काही आठवडे लागतात. अर्ज शेवटच्या दिवशी पाठवला आणि एखादा कागद कमी निघाला, तर तो द्यायला वेळच उरत नाही.

पूर्ण पदवी परदेशात करायची नसेल, तर एका सत्राच्या एक्स्चेंजचा, म्हणजे आपल्याच कॉलेजात नाव ठेवून एक सत्र तिकडे शिकण्याचा, मार्गही आहे. त्याकडे फार कमी जण बघतात याचं वाईट वाटतं. तुमच्या कॉलेजचा करार असेल तर बहुधा तिकडची फी माफ असते. मात्र तिकडचे कोणते विषय इकडे किती क्रेडिटला धरले जाणार, हे जाण्यापूर्वी विभागप्रमुखांच्या सहीने लेखी घ्या. तोंडी होकार परत आल्यावर उपयोगी पडत नाही.

पासपोर्ट आज काढून बघा. अभ्यासक्रम संपून वर सहा महिने राहतील इतकी मुदत असली की काळजी नाही. मुदतीपेक्षा जास्त अडतं ते नावावर. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे. परीक्षेची नोंदणी पासपोर्टवरच्या नावानेच करा, नाहीतर परीक्षा केंद्राच्या दारातून परत पाठवतात. पासपोर्टवर एकच नाव असेल, तर अमेरिकेच्या व्हिसावर ते आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे नाव माहीत नाही) अशी अक्षरं येतात. पुढे बँकेपासून सगळीकडे तीच चिकटतात. दुरुस्ती करायची असेल तर ती अर्ज करण्यापूर्वी.

ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज पासपोर्टच्याच आठवड्यात द्या. किमान पाच सीलबंद प्रती मागा. विद्यापीठ त्या थेट ईमेलने किंवा पोर्टलवरून पाठवतं का, हेही तेव्हाच विचारा, कारण काही ठिकाणी विद्यार्थ्याच्या हातून आलेली प्रत चालत नाही. सोबत प्रत्येक सत्राचा छापील अभ्यासक्रम, तासांसकट, जपून ठेवा. युरोपात पूर्ण वर्षाचा अभ्यास 60 ईसीटीएस (अभ्यास मोजायची युरोपातली सामायिक पद्धत) क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटला साधारण 25 ते 30 तासांचं काम. एखादा अभ्यासक्रम ‘गणिताचे किमान 20 क्रेडिट’ मागतो, तेव्हा गुणपत्रिकेवरच्या विषयाच्या नावाने काही सिद्ध होत नाही; त्या विषयात काय शिकवलं आणि किती तास, हे दाखवावं लागतं. अभ्यासक्रम बदलला की जुनी पानं संकेतस्थळावरून जातात, म्हणून आत्ताच उतरवून घ्या.

जर्मनीसाठी गुणांचं रूपांतर स्वतः करून बघा, म्हणजे कुठे अर्ज करण्यात अर्थ आहे ते कळतं. जास्तीत जास्त शक्य गुणांतून तुमचे गुण वजा करा. त्याला, जास्तीत जास्त गुण आणि उत्तीर्णतेचे किमान गुण यांच्यातल्या फरकाने भागा. आलेल्या आकड्याला 3 ने गुणून 1 मिळवा. दहापैकी 8 मिळाले आणि 4 ला उत्तीर्ण असेल, तर 2 भागिले 6, गुणिले 3, अधिक 1, म्हणजे 2.0. तिथे 1.0 सर्वोत्तम आणि 4.0 जेमतेम उत्तीर्ण, हे ध्यानात असू द्या. शिवाय भारत, चीन, व्हिएतनाम अशा काही देशांत शिकलेल्यांकडून जर्मनी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागद खरे असल्याचा दाखला, मागते. त्यालाही आठवडे लागतात, तेव्हा ते ट्रान्स्क्रिप्ट हातात येताच मागवा.

शिफारसपत्रं दोन किंवा तीन लागतात. नाव मोठं असण्यापेक्षा, तुमचं काम जवळून पाहिलेलं माणूस निवडा. प्राचार्यांच्या चार गुळगुळीत ओळींपेक्षा प्रकल्पाच्या मार्गदर्शक बाईंनी लिहिलेलं ‘हिने तीनदा प्रयोग फसल्यावर मापनातली चूक स्वतः शोधली’ हे एक वाक्य जड ठरतं. सर किंवा मॅडमना मुदतीच्या सहा आठवडे आधी भेटा. सोबत एका पानावर लिहून न्या: कुठे अर्ज करताय, मुदत कधी, त्यांच्याकडे कोणता विषय केला, त्यात काय काम केलं. त्यांचा संस्थेचा ईमेल पत्ता द्या. खाजगी पत्त्यावरून आलेल्या पत्राबद्दल शंका घेतली जाते. पत्र अपलोड करायची लिंक पाठवल्यावर ती स्पॅममध्ये गेली नाही ना, हे नम्रपणे विचारा आणि मुदतीच्या दहा दिवस आधी एकदा आठवण करा. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं कुणी म्हणालं, तर मुद्द्यांचं पान द्या, पण पत्र त्यांनाच लिहू द्या. तिन्ही पत्रांची भाषा एकसारखी निघाली की वाचणाऱ्याला लगेच कळतं.

आता परीक्षा. आयेल्ट्स आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण 2 वर्षं चालतात, जीआरई आणि जीमॅट या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षांचे 5 वर्षं. त्यामुळे जीआरई पदवी चालू असतानाच देऊन टाकलेली बरी. आयेल्ट्समध्ये घात होतो तो सरासरीच्या भरवशावर. एकूण 7 बँड येतात, पण लेखनात 5.5 असतात आणि अभ्यासक्रमाला प्रत्येक भागात किमान 6 हवे असतात. अटीतलं ते दुसरं वाक्य वाचल्याशिवाय परीक्षेची फी भरू नका. संगणकावर परीक्षा दिली असेल तर बऱ्याच केंद्रांवर 60 दिवसांच्या आत एकच भाग पुन्हा देता येतो. तुमचं विद्यापीठ तो निकाल मानतं का, तेवढं आधी विचारा.

विद्यापीठं सहा ते आठ पुरेत: दोन अवघड, तीन-चार आपल्या आवाक्यातली, दोन जिथे प्रवेश जवळपास नक्की. पण त्या शेवटच्या दोनांतही तुम्हाला खरंच जायचं असलं पाहिजे. क्रमवारीचे तक्ते बाजूला ठेवून विषयांची यादी आणि शिकवणारे लोक बघा. एसओपीला, म्हणजे अर्जासोबतच्या उद्देशपत्राला, त्यातूनच आशय मिळतो. तो सहसा दोन पानांचा असतो आणि त्यात बालपणीच्या कुतूहलाला जागा नको. कोणता प्रश्न तुम्हाला पडला, त्यावर आजवर काय केलं, पुढे काय शिकायचं राहिलं आणि ते नेमकं याच विभागात का, एवढंच सांगा. विद्यापीठाचं नाव बदललं तरी तोच मजकूर चालत असेल, तर ‘का’चं उत्तर अजून आलेलं नाही.

शिष्यवृत्तीचे अर्ज प्रवेशाच्या अर्जांबरोबर चालतात, कधीकधी त्यांच्याही आधी. हे न कळल्याने कित्येक जण प्रवेश मिळाल्यावर पैसे शोधायला लागतात आणि तोवर दारं बंद झालेली असतात. युरोपातल्या इरास्मस मुंडस जोड अभ्यासक्रमांचे अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारी या काळात घेतले जातात. शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला 1,400 युरो मिळतात. ब्रिटनच्या चिवनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. जर्मनीच्या डाड या शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेकडे विषयवार योजना आहेत. अमेरिकेत पीएचडीला, आणि क्वचित मास्टर्सलाही, विभागच फी आणि विद्यावेतन देतो. तिथल्या अनेक विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार अशा आर्थिक मदतीच्या प्रस्तावाला 15 एप्रिलपूर्वी उत्तर द्यायची सक्ती करता येत नाही, तेव्हा घाईने होकार देऊ नका.

पैशाचे कागद म्हणजे नुसती रक्कम नव्हे, तिचा इतिहास. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसासाठी लागणारी रक्कम खात्यात सलग 28 दिवस असावी लागते आणि त्या 28 दिवसांचा शेवट अर्जाच्या तारखेपूर्वी 31 दिवसांच्या आत यावा लागतो. मधल्या एका दिवशी शिल्लक खाली गेली, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. खातं आईवडिलांचं असेल तर त्यांचं संमतिपत्र आणि नात्याचा पुरावा जोडा. जर्मनी ब्लॉक्ड अकाउंट मागते, म्हणजे रक्कम आधी भरून ठेवायची आणि दरमहा ठरावीकच काढता येईल असं खातं. 2024 च्या सप्टेंबरपासून वर्षाला 11,904 युरो. त्यातले महिन्याला 992 तिथे गेल्यावर, तिथलं खातं उघडल्यावर सुटतात, म्हणून पहिल्या महिन्याचं भाडं आणि अनामत वेगळी न्यावी लागते. अमेरिकेसाठी विद्यापीठ आय-20 हा व्हिसासाठी लागणारा कागद देतं, मग सेविस या विद्यार्थी-नोंदणी यंत्रणेची फी, मग डीएस-160 हा व्हिसाचा अर्ज आणि मुलाखत. मुलाखत बहुधा काही मिनिटांचीच. हेच विद्यापीठ का, खर्च कोण करणार, पुढे काय, या तीन प्रश्नांना पाठ न केलेली, अर्जाशी जुळणारी उत्तरं द्या. खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम कुठून आली, याचा कागद सोबत असू द्या. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर अभ्यासक्रम सुरू होण्याच्या 30 दिवसांहून आधी देशात शिरता येत नाही, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी आय-20 वरची तारीख बघा.

सामानाबद्दल फार लिहीत नाही. मूळ कागद, औषधं आणि त्यांची जेनेरिक नावं लिहिलेली चिठ्ठी हातातल्या बॅगेत. पॉवर बँकही तिथेच, 100 वॉट-तासांपर्यंत. लसीकरणाची नोंद इंग्रजीत करून घ्या. अमेरिकेतली अनेक विद्यापीठं एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीचे दोन डोस झाल्याचा पुरावा मागतात.

घराची अनामत, खोली व्हिडिओ कॉलवर तरी पाहिल्याशिवाय आणि करार वाचल्याशिवाय पाठवू नका. आधी विद्यापीठाच्या वसतिगृहाच्या यादीत नाव घाला. काही शहरांत ती यादी एका सत्राहून लांब असते, म्हणून प्रवेशाचं पत्र आलं त्याच दिवशी. तात्पुरती खोली घेणार असाल तर घरमालकाला एक गोष्ट विचाराच. जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, आणि तो कागद बऱ्याच तात्पुरत्या जागांत मिळत नाही.