मृगाआधी मातीच्या बांधावर एक फेरी मारा, सांडव्यावर दोन

गोराई-मनोरीत वाडी करणारे असोत, की मुंबईत राहून शनिवार-रविवारी कर्जत-शहापूरची शेती बघणारे, ज्यांच्या जागेत मातीचा बांध घालून अडवलेलं तळं आहे त्यांच्यासाठी हे आहे. मे संपता संपता पाणी तळाला गेलेलं असतं आणि बांध दोन्ही अंगांनी उघडा पडतो. डागडुजी करायची ती याच दिवसांत. एकदा चिखल झाला की माती कितीही धुमसा, ती दबत नाही, नुसती हलते.

सुरुवात सांडव्यापासून, म्हणजे तळं भरल्यावर जास्तीचं पाणी बाहेर जायच्या वाटेपासून करा. तळ्याचं पाणी फेब्रुवारीपर्यंत पुरावं म्हणून सांडव्याच्या तोंडाला फळ्या नाहीतर वाळूच्या गोण्या लावायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. रोहू-कटला सोडलेले असतील तर मासे वाहून जाऊ नयेत म्हणून वर बारीक जाळीही असते. पहिल्याच मोठ्या सरीत पालापाचोळा, जलपर्णी आणि आपल्याकडचं प्लास्टिक येऊन त्या जाळीला बसतं. मग सांडवा उरतो तो नावापुरताच. पाणी चढत जातं, बांधाच्या माथ्यावरून उतरायला लागतं आणि मागच्या उताराची माती बघता बघता कापून नेते. मासे गेले तर पुढच्या वर्षी पुन्हा सोडता येतात. जाळी काढाच, आणि अगदीच ठेवायची असेल तर मोठ्या भोकांची लावून पावसात रोज साफ करा.

हिशेब साधा आहे. तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर एका एकरावर चार लाख लिटर पाणी पडतं. दहा एकरांचा उतार तुमच्या तळ्याकडे असेल आणि जमीन आधीच भिजून तट्ट असेल, तर सेकंदाला हजार लिटरहून जास्त पाणी आत येऊ शकतं. सांडवा म्हणून घातलेल्या सहा इंची पाइपाचा तिथे काय पाड? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे विसरलेला माणूस मुंबईत सापडणार नाही. सांडव्याच्या उंबऱ्यापासून बांधाचा माथा निदान तीन फूट वर हवा. तो डोळ्यांनी जोखू नका. भराव मधोमध खचलेला असतो आणि नजरेला सपाटच दिसतो. गवंड्याकडची पाण्याची नळी आणा आणि माथ्याची पातळी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघा. खाडीकाठच्या जागेत आणखी एक गोष्ट सांभाळायची. उधाणाच्या भरतीला नाला उलटा तुंबतो आणि पाणी बांधाच्या पायथ्याला येऊन बसतं. त्या दिवसांत मोठा पाऊस असेल तर तळं आधीच थोडं रिकामं असलेलं बरं.

आता बांधाच्या मागच्या बाजूला उतरा. मे महिन्यात सगळं करपलेलं असताना पायथ्याशी हिरवागार पट्टा किंवा लव्हाळी दिसली, तर तिथून पाणी झिरपतंय असं धरा. थोडा पाझर मातीच्या प्रत्येक बांधाला असतो, त्याने घाबरायचं नाही. बघायचं ते त्याचं प्रमाण आणि रंग. पाझर एका नळीतून काढून दहा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा आणि तळ्याच्या पातळीसोबत वहीत लिहा. पातळी तीच असताना बादली लवकर भरायला लागली, किंवा पाणी गढूळ झालं, तर आतली माती वाहून चालली आहे.

तिवऱ्याचं धरण (चिपळूण तालुका) २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, तेव्हा खेकड्यांवर खापर फोडलं गेलं आणि सगळा महाराष्ट्र हसला आणि चिडलाही. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या, त्यामुळे तो राग रास्तच होता. पण लहान बांधाला खेकडे आणि घुशी खरंच पोखरतात. बिळं कुठे आहेत ते पहिल्या पावसात बॅटरी घेऊन खेकडे धरायला निघणाऱ्या पोरांना विचारा, त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. बीळ शेवटापर्यंत खणून काढा. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा इतपत ओली करा आणि वीतभर थराने धुमसून भरा. भेगांनाही हेच. माथ्यावर लांबीने गेलेल्या भेगेपेक्षा आडवी, म्हणजे तळ्याकडून मागच्या उताराकडे गेलेली भेग जास्त वाईट. वरून कोरडी माती लोटून ती बुजवली तर फक्त दिसेनाशी होते.

बांधावरची रोपटी आताच उपटा, गवत मात्र राहू द्या. मोठं झाड असेल तर घाईने तोडू नका, कारण मुळं कुजली की पाण्याला आयती नळी मिळते. आधी जाणत्या अभियंत्याला दाखवा.

भर पावसात मागून गढूळ पाणी उसळू लागलं तर ते तोंड मातीने किंवा प्लास्टिकने बुजवू नका, पाणी शेजारून दुसरी वाट काढेल. त्यावर आधी जाड वाळू, मग खडी, मग दगड असा ढीग घाला, म्हणजे पाणी निघेल आणि माती अडेल. त्यासाठी वाळू-खडी आताच बांधाजवळ टाकून ठेवा. तळ्यात भोवरा दिसला तर कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका. पण या सगळ्याआधी खालच्या घरांतली माणसं हलवा. मुंबईत १९१६, बाहेर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७ वर कळवा.

धरण सुरक्षा कायदा, २०२१ हा १५ मीटरहून उंच आणि काही अटींत बसणाऱ्या १० ते १५ मीटरच्या धरणांसाठी आहे. तुमचा बारा-पंधरा फुटांचा बांध तपासायला कुणी येणार नाही. मालक दादरला आणि बांध शहापूरला, अशी स्थिती असेल तर राखण करणाऱ्या काकांना आजच स्पष्ट सांगा, 'रात्री पाणी चढलं तर फळ्या काढा, मला विचारत बसू नका.' नाल्यालगतच्या घरांचे नंबर त्यांच्याकडे लिहून द्या.

सप्टेंबरमध्ये दुरुस्तीसाठी तळं उपसायचं झालं तर पंप लावून एका रात्रीत रिकामं करू नका. आतला उतार पाण्याने जड झालेला असतो, आधार गेला की घसरतो. रोज फूटभर उतरवा आणि सकाळी आतल्या बाजूला नवी भेग पडली आहे का ते बघूनच पंप पुन्हा सुरू करा.