गॅलिएनसची प्राण्यांची नाणी जमवताय? या चुका टाळा

रोमन सम्राट गॅलिएनसच्या कारकिर्दीच्या शेवटी, इ.स. 267-268 च्या सुमारास, रोमच्या टांकसाळीतून प्राण्यांची एक मालिका निघाली. एका बाजूला सूर्यकिरणांसारख्या टोकांचा मुकुट घातलेला सम्राट, दुसऱ्या बाजूला एकच प्राणी आणि त्याच्याभोवती एका देवाचं नाव. संग्राहक या मालिकेला लाडानं ‘गॅलिएनसचं प्राणिसंग्रहालय’ म्हणतात. त्यात हरणं, बोकड, चित्ता असे खरे प्राणी आहेत. शिवाय सेंटॉर (धड माणसाचं, खाली घोडा), ग्रिफिन (गरुडाचं डोकं, सिंहाचं अंग), पंखांचा घोडा पेगॅसस आणि माशाच्या शेपटीचा समुद्री घोडा हिप्पोकँप हे पुराणातले प्राणीही आहेत. नाणी बऱ्यापैकी मिळतात, सोन्याच्या नाण्यांसारखी आवाक्याबाहेर नसतात, म्हणून नवे लोक इथूनच सुरुवात करतात. आणि इथेच फसतात, कारण सगळ्यांची नजर आधी प्राण्यावर जाते. या मालिकेतलं नाणं ओळखताना प्राणी सगळ्यात शेवटी बघायचा असतो.

आधी अक्षरं, मग प्राणी

मागच्या बाजूच्या मजकुराची रचना ठरलेली आहे: देवाचं नाव, मग ‘कॉन्स’, मग ‘ऑग’. कॉन्स म्हणजे कॉन्सर्वेटर, रक्षणकर्ता; ऑग म्हणजे ऑगस्टस, सम्राट. देवाचं नाव चतुर्थी विभक्तीत येतं, आपल्या ‘श्रीगणेशाय नमः’मधल्या गणेशायसारखं. म्हणून नाण्यावर ‘अपोलो’ नाही, ‘अपोलिनी’ दिसतं. ‘डायाना’ नाही, ‘डायानाए’ दिसतं. हे माहीत नसलं की नाव चुकीचं वाचलंय असं वाटतं आणि माणूस अक्षरं सोडून चित्राकडे वळतो.

झिजलेल्या नाण्यावर ग्रिफिन आणि पेगॅसस हमखास एकमेकांच्या नावानं खपतात. दोघांना पंख, दोघांना चार पाय, आणि डोकं नेमकं पुसलेलं. अशा वेळी भिंगातून अक्षरं मोजा. पेगॅसस सूर्यदेवाचा आहे, त्याचा मजकूर ‘सोली कॉन्स ऑग’ हा रोमन लिपीत 11 अक्षरांचा. ग्रिफिन अपोलोचा, ‘अपोलिनी कॉन्स ऑग’, 15 अक्षरं. तेवढ्याच कडेत 11 अक्षरं ऐसपैस बसतात आणि 15 दाटीवाटीनं. नाव वाचता आलं नाही तरी अक्षरांमधली जागा सांगून जाते. दुसरी खूण पायांची: ग्रिफिन चालतो, पेगॅसस पुढचे पाय उचलून झेप घेतो.

याच मोजणीत एक खड्डा आहे. ज्युपिटरचं ‘आयोवी’ आणि सूर्याचं ‘सोली’ ही दोन्ही नावं चार अक्षरांची. दोन्हींत दुसरं अक्षर ओ आणि शेवटचं आय. फरक पहिल्या आणि तिसऱ्या अक्षरात आहे: ज्युपिटरच्या नावात आय आणि व्ही, सूर्याच्या नावात एस आणि एल. ज्युपिटरसोबत बोकड येतो, कारण क्रीट बेटावर लहानग्या ज्युपिटरला अमाल्थिया शेळीनं दूध पाजलं अशी कथा आहे. सूर्याच्या नाण्यांवर पेगॅससखेरीज बैलही आहे. बोकड आणि बैल दोघंही झिजले की एकसारखेच दिसतात, तेव्हा तिसरं अक्षर बघितल्याशिवाय निकाल देऊ नका.

नेपच्यूनच्या नाण्यावर हिप्पोकँप, आणि लिबर पातेर म्हणजे बॅकसच्या नाण्यावर चित्ता. डायानाच्या नाण्यांवर हरणांचे प्रकार आहेत आणि सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. फांद्यांसारखी शिंगं असली तर नर सांबर-हरीण, लांब सरळ किंवा मागे वळलेली बिनफांद्यांची शिंगं असली तर कुरंग, शिंगंच नसली तर हरिणी. विक्रेते तिघांनाही एकाच नावानं विकतात. सम्राज्ञी सॅलोनिनाची हरिणी तर बऱ्याचदा डायानाच्या डब्यात पडते. तिच्यावर मजकूर ‘युनोनी’, म्हणजे जुनो देवीला, आणि पुढच्या बाजूला मुकुटाऐवजी चंद्रकोरीवर टेकलेला स्त्रीचा अर्धपुतळा असतो. पुढची बाजू न बघता मागच्या बाजूचा फोटो पाहून बोली लावण्याची ही शिक्षा.

खालचं अक्षर म्हणजे कारखान्याचा नंबर

प्राण्याच्या पायाखाली एक ते तीन अक्षरं असतात. ती शोभेची नाहीत. रोमच्या टांकसाळीत तेव्हा 12 कारखाने चालत आणि प्रत्येकानं आपली खूण टाकली. पहिले आठ कारखाने ग्रीक आकड्यांनी मोजलेले: आल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन, मग सहाव्याची रोमन एससारखी दिसणारी खूण, झीटा, ईटा. नवव्याला रोमन एन (नोना, नववा), आणि पुढे दहा, अकरा, बाराचे रोमन आकडे. ग्रीक आणि रोमनची ही खिचडी माहीत नसल्यानं लोक ईटाला रोमन एच समजतात, गॅमाला अर्धवट छापलेलं एफ समजतात, आणि सहाव्याच्या एसचा अर्थ लावत बसतात.

ही खूण का महत्त्वाची? कारण प्राणी आणि कारखाना यांची जोडी बरीचशी ठरलेली आहे. अपोलोचा सेंटॉर उजवीकडे तोंड करून धनुष्य ताणत असेल तर खाली झीटा, डावीकडे तोंड करून हातात गोल धरलेला असेल तर ईटा. ग्रिफिनखाली डेल्टा, पेगॅससखाली आल्फा, हिप्पोकँपखाली एन, चित्त्याखाली बीटा. जोडी जुळत नसेल तर आधी खूण पुन्हा वाचा, मग ती कोरून बदललेली आहे का ते बघा, आणि त्यानंतरच ‘टांकसाळीची चूक’ हा शब्द तोंडात येऊ द्या. टांकसाळीच्या चुका खऱ्या आहेत, पण जाहिरातीत त्या जितक्या दिसतात तितक्या नाहीत.

वर्णनातली डावी-उजवी बाजू नेहमी बघणाऱ्याची असते, प्राण्याची नाही. हा गोंधळ झाला तर दोन सेंटॉर एकच समजून एक विकून टाकाल.

मिलानचा सेंटॉर वेगळा

गॅलिएनसनं त्याआधी, 260 च्या सुमारास, मिलानच्या टांकसाळीतून सैन्यदलांची नाणी काढली होती. त्यांवरही प्राणी आहेत: दुसऱ्या पार्थिका दलाचा सेंटॉर, दुसऱ्या अ‍ॅडियुट्रिक्सचा पेगॅसस, पहिल्या अ‍ॅडियुट्रिक्सचा मकर (पुढून बोकड, मागून मासा). मजकूर ‘लेग’नं सुरू होतो आणि पुढे दलाचा आकडा येतो. देवाचं नाव नाही म्हणजे ही मालिकाच वेगळी. एका यादीत दोन्ही मिसळून ठेवलीत तर ‘सेंटॉर पूर्ण झाला’ असं वाटत राहतं, प्रत्यक्षात तीनपैकी एकच हाताशी असतो.

गॉल (साधारण आजचा फ्रान्स) आणि ब्रिटनमध्ये या प्राण्यांच्या नकलाही पडल्या, त्याच शतकात, स्थानिक हातांनी. चकती 13-15 मिलिमीटरची, अक्षरं अर्थहीन रेघोट्या. त्या बनावट नाहीत, जुन्याच आहेत, पण रोमच्या टांकसाळीच्या भावात घ्यायच्या नाहीत.

चमकतंय म्हणून चांदी नव्हे

ही नाणी ‘अँटोनिनियनस’ नावानं ओळखली जातात. कागदोपत्री चांदीची, पण 267 पर्यंत त्यांच्यात चांदी जेमतेम काही टक्के उरली होती. तांब्याची चकती आणि वर पातळ चंदेरी मुलामा. अस्सल तुकडा साधारण 18-22 मिलिमीटरचा आणि अडीच ते चार ग्रॅमचा असतो. 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा आणि कॅलिपर एवढं घेतल्याशिवाय या छंदात पाऊल टाकू नका.

मुलामा आधी उंच भागावरून जातो: गाल, दाढी, मुकुटाची टोकं, प्राण्याची मांडी. तो टिकतो अक्षरांच्या खाचांत. ज्या नाण्याचा गाल झिजून सपाट झालाय आणि तरीही तिथे चंदेरी चमक आहे, खड्ड्यांच्या आणि ओरखड्यांच्या आतही तीच चमक आहे, ते नव्यानं मुलामा चढवलेलं आहे. दहापट भिंगाखाली कडेवर सांधा किंवा पृष्ठभागावर बारीक बुडबुडे दिसले तर ते ओतलेलं नक्कल-नाणं. दोन वेगवेगळ्या नाण्यांवर एकाच जागी एकसारखा खड्डा दिसला तर दोन्ही सोडा.

नाणं निवडताना व्हीएफ (बरंच चांगलं), एक्सएफ (अतिशय चांगलं) असल्या झिजेच्या दर्जांवर विसंबू नका. तो दर्जा बहुधा सम्राटाच्या चेहऱ्यावरून दिलेला असतो. ही नाणी घाईत पाडली गेली, त्यामुळे चेहरा सुरेख आणि मागची बाजू अर्धी कोरी हे नेहमीचं. क्रम असा ठेवा: प्राण्याचं डोकं पूर्ण आहे का, देवाचं नाव वाचता येतं का, कारखान्याचं अक्षर चकतीवर आलंय का. मुलामा सगळ्यात शेवटी.

चिंच नको, लिंबू नको

घरातलं तांब्याचं भांडं ज्यानं लखलखतं तेच नाण्याचा घात करतं. चिंच, लिंबू, व्हिनेगर, भांडी घासायची पावडर यातलं काहीही लावलं की मुलामा आणि त्याखालचा जुना थर मिनिटांत जातो, उरतं गुलाबी खरबरीत तांबं. ते परत जुनं होत नाही.

मळ काढायचा असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाणं बुडवून ठेवा आणि पाणी रोज बदला. दोन आठवडे घाई करू नका. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं. मऊ झालेली माती लाकडी टूथपिकनं, भिंगाखाली, खाचेच्या दिशेनं काढा. तेलकट थर असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोन, काचेच्या भांड्यात, खिडकी उघडून आणि गॅसपासून लांब. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात सुगंध आणि तेल मिसळलेलं असतं.

फिकट हिरवी, बोटानं निघणारी भुकटी दिसली तर तो साधा हिरवा थर नाही, तो ब्राँझ डिसीज. तांब्यात अडकलेले क्लोराइड ओलाव्यानं जागे होतात आणि नाणं आतून खातात. असं नाणं लगेच बाजूला काढा, भुकटी टूथपिकनं काढून डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, पूर्ण वाळवा आणि सिलिका जेलसोबत बंद डब्यात ठेवा. डब्यातली आर्द्रता 40 टक्क्यांच्या खाली हवी. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात हवेची आर्द्रता सहज 80 च्या वर जाते, म्हणजे लाकडी कपाटातला मखमली ट्रे जून ते सप्टेंबर निरुपयोगी. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि सिलिका जेलचा रंग बदलला की गरम करून परत वापरा. मऊ पीव्हीसीची पाकिटंही नकोत. कालांतरानं त्यांतून चिकट हिरवा द्रव सुटतो. मायलरची (पॉलिस्टरच्या पारदर्शक फिल्मची) घ्या.

भारतात घेताना

‘विहिरीच्या खोदकामात सापडलं’, ‘नदीपात्रात मिळालं’ अशा गोष्टीसोबत गॅलिएनस समोर आला तर उठून चालायला लागा. भारतात सापडलेली रोमन नाणी प्रामुख्यानं दक्षिणेतली आहेत, आणि त्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस यांची पहिल्या शतकातली चांदीची व सोन्याची नाणी ठळक आहेत. तिसऱ्या शतकातली हिणकस चांदीची ही मालिका इथल्या साठ्यांचा भाग नाही. शिवाय खरोखर जमिनीतून निघालं असेल तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तसं नाणं विकत घेणं म्हणजे विकतचं दुखणं.

पुरावशेष व कलानिधी कायदा, 1972 नुसार 100 वर्षांहून जुनं नाणं हे पुरावशेष आहे. व्यवसाय म्हणून विकणाऱ्याकडे परवाना लागतो, तो मागा. आणि केंद्र सरकार किंवा त्यानं अधिकार दिलेली संस्था सोडून कुणालाही पुरावशेष देशाबाहेर पाठवता येत नाही. बाहेरून घेतलेला पेगॅसस प्रमाणित करून डबीबंद करायला अमेरिकेला कुरिअर करावा असं कुणी सुचवलं, तर हे आठवा. तपासणी हवी असेल तर नाणं भारतात येण्याआधी, विक्रेत्याच्याच देशात करून घ्या, आणि त्याचं बिल, लिलावाचं पान, वजन, व्यास, देव, प्राणी, दिशा आणि कारखान्याचं अक्षर हे सगळं त्याच पाकिटात चिठ्ठीवर पेन्सिलनं लिहून ठेवा. बॉलपेनची शाई दमट हवेत पसरते.