हिडकल धरण आणि धुपदाळचे पक्षी: घटप्रभेकाठच्या फेरीची आखणी

बेळगाव, निपाणी, संकेश्वर या भागातून हिडकलला जाणारे पुष्कळ जण धरण आणि पक्षी एकाच फेरीत उरकण्याच्या बेताने निघतात, आणि त्यामुळे दोहोंपैकी एक गोष्ट हमखास हुकते. धरण पाहण्याचा काळ श्रावण-भाद्रपदाचा असतो. त्या वेळी चंदगडच्या डोंगरात संततधार लागून जलाशय काठोकाठ भरतो आणि सांडव्याचे दरवाजे उघडण्याची वेळ येते. पक्ष्यांचा हंगाम मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी असा आहे. म्हणून आधी आपल्याला काय पाहायचे आहे ते ठरवावे, आणि शक्य असल्यास दोन स्वतंत्र फेऱ्या कराव्यात.

हुक्केरी तालुक्यातील, घटप्रभा नदीवरच्या या धरणाचे अधिकृत नाव राजा लखमगौडा धरण असे आहे. बेळगावकरांना हे नाव धरणापेक्षा त्याच नावाच्या महाविद्यालयामुळे अधिक परिचयाचे आहे. १९७७ साली पूर्ण झालेल्या या धरणाची उंची सुमारे ६२ मीटर असून त्याला १० दरवाजे आहेत आणि साठवण क्षमता ५१ टीएमसी (म्हणजे ५१ अब्ज घनफूट) आहे. स्वतःच्या वाहनाने जाणाऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग हत्तरगीजवळ सोडावा. रेल्वेने जाणाऱ्यांना मिरज-बेळगाव मार्गावरील पाच्छापूर स्थानक त्यातल्या त्यात जवळचे आहे, परंतु पुढे वाहनाची सोय आधीच करून ठेवावी लागते. धरणाच्या भिंतीवर जाण्यास सरसकट परवानगी नसते. पहारेकऱ्याशी हुज्जत न घालता पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात आधी विचारणा करावी आणि परवानगीशिवाय भिंतीची व दरवाज्यांची छायाचित्रे घेऊ नयेत. विसर्ग सुरू असताना किंवा तो वाढण्याची सूचना मिळालेली असताना खालच्या अंगाला नदीपात्रात उतरणे जिवावर बेतू शकते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात हिडकलच्या विसर्गाला मार्कंडेय नदीच्या पाण्याची जोड मिळाली आणि गोकाकचा मोठा भाग पाण्याखाली गेला, हे या भागात कोणी विसरलेले नाही.

उन्हाळ्यात जाणाऱ्यांसाठी एक वेगळे आकर्षण आहे. पाणी पुरेसे खाली गेले की पाणफुगवट्यातून, म्हणजे धरणामागे साचलेल्या पाण्यातून, हुन्नूरचे विठ्ठल मंदिर वर येते आणि दर्शनासाठी लोकांची रीघ लागते. मात्र पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीवरचा गाळ वरून वाळलेला दिसला तरी आत ओला असतो, तेव्हा गावकरी ज्या वाटेने जातात तीच वाट धरावी.

धरणाच्या भिंतीपाशी पक्षी फारसे दिसत नाहीत, आणि त्याचे कारण साधे आहे. तेथील पाणी खोल असते, काठ दगडी असतो आणि पाण्याची पातळी महिन्यागणिक बदलत असल्यामुळे काठावर पाणवनस्पती टिकत नाहीत. पक्ष्यांसाठी नदीच्या प्रवाहाबरोबर खाली धुपदाळला जावे. हिडकलमधून सोडलेले पाणी आणि वाटेत मिळणाऱ्या हिरण्यकेशी नदीचे पाणी ब्रिटिश अमदानीतील धुपदाळ बंधाऱ्यात अडवून डाव्या कालव्याला दिले जाते. त्यामुळे बंधाऱ्यामागे पसरट, उथळ आणि बरेचसे स्थिर पाणी राहते, त्यात बेटे आणि पाणगवत तयार होते, आणि चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या पक्ष्यांना नेमके हेच हवे असते. १९७४ साली घोषित झालेले घटप्रभा पक्षी अभयारण्य ते हेच. ते घटप्रभा रेल्वे स्थानकापासून जवळ आहे, आणि रस्त्याने संकेश्वर-हुक्केरीमार्गेही तेथे पोहोचता येते.

येथील मानाचा पाहुणा म्हणजे मध्य आशियातून येणारा कांड्या करकोचा. तो पाहण्यासाठी पहाटेपासून काठावर बसून राहणाऱ्यांची अनेकदा निराशा होते, कारण हे थवे सकाळी ज्वारी-हरभऱ्याच्या रानात चरायला जातात आणि ऊन चढल्यावर पाणी पिण्यासाठी व विश्रांतीसाठी नदीकाठी परततात. म्हणून सकाळचा वेळ पाणकावळे, चांदवे, जांभळ्या पाणकोंबड्या, शेकाटे आणि पाण्यावर स्थिर घिरट्या घालून सूर मारणारा कवड्या खंड्या यांना द्यावा, आणि कांड्या करकोच्यांची वाट दुपारच्या सुमारास पाहावी.

युरोपकडून येणारा पांढरा करकोचा ओळखताना त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या चित्रबलाक आणि मुग्धबलाक या पक्ष्यांमुळे नवख्यांचा गोंधळ होतो. पांढऱ्या करकोच्याची चोच व पाय लाल असतात आणि पंखांची उडण्याची पिसे काळी असतात. चित्रबलाकाची चोच पिवळी असते आणि शेपटीजवळ गुलाबी झाक दिसते, तर मुग्धबलाकाच्या मिटलेल्या चोचीतही मध्ये फट राहते. केवळ पांढरा रंग पाहून नाव ठरवू नये. आठपट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण या कामाला पुरते. महागडा कॅमेरा गळ्यात आणि दुर्बीण घरी, ही अलीकडची रीत मला तरी उलटी वाटते.

उभे राहताना सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडावी, कपडे मातकट रंगाचे असावेत, आणि थवा उडावा म्हणून खडे मारणाऱ्या सोबत्याला घरीच ठेवावे. काठाची शेते खाजगी आहेत, त्यामुळे शाळू उभा असताना मालकाला विचारूनच बांधावरून जावे. हुक्केरी-संकेश्वरात मराठीने काम भागते, धुपदाळ-गोकाककडे मात्र कन्नडची चार वाक्ये येत असलेली बरी. पाणी व शिदोरी सोबतच न्यावी.

धुपदाळहून पुढे गोकाकचा धबधबा जवळच आहे आणि पावसाळ्यात तो सुमारे ५२ मीटरवरून कोसळतो. हिवाळी पक्षिफेरीत त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये, कारण वर बंधाऱ्यावर पाणी कालव्याकडे वळवलेले असते आणि कड्यावरून जेमतेम एखादी धार उतरताना दिसते. तेवढा वेळ वाचवून गोकाक गावात करदंट ही तिथली मिठाई घ्यावी आणि परतीच्या गाडीची वेळ आधीच पाहून ठेवावी.