शोधनिबंधात एआय: भाचीच्या पाच संदर्भांची गोष्ट

माझी भाची बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर पहिलाच शोधनिबंध लिहीत होती. परवा दांडिया बाजारातल्या आमच्या घरी लॅपटॉप घेऊन आली. "मामा, चॅटबॉटने पाच संदर्भ दिलेत, बघ ना जरा." लेखक, मासिक, खंड, पानं, डीओआय (म्हणजे लेखाचा इंटरनेटवरचा कायमचा ओळख-क्रमांक), सगळं चोख. पहिला डीओआय टाकला तर माशांवरचा लेख उघडला. पुढचे दोन उघडलेच नाहीत.

म्हणून पहिलं काम संदर्भांचं. चॅटबॉट पुष्कळदा संदर्भ शोधत नाही, संदर्भासारखं दिसणारं काहीतरी जुळवतो. प्रत्येक डीओआय स्वतः उघडा आणि नुसता सारांश नको, ज्या पानाचा हवाला देताय ते पान वाचा. चौथा लेख खरा निघाला, पण भाचीने त्याच्या नावावर टाकलेलं विधान त्यात नव्हतंच. जुन्या मराठी-गुजराती पुस्तकांना तर डीओआयच नसतो. तिथे बडोद्याच्या विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीत जाऊन पानं चाळण्याला पर्याय नाही.

मजकूरही असाच तपासा. तिच्या मसुद्यात होतं की सयाजीरावांनी १८९३ मध्ये संस्थानभर सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं. त्या साली ते फक्त अमरेली भागात, प्रयोग म्हणून आलं. संस्थानभर आलं १९०६ मध्ये. वाक्य इतकं गुळगुळीत होतं की मीही आधी मान डोलावली.

मग मासिकाच्या लेखकांसाठीच्या सूचना उघडा. एआयला सहलेखक करायचं नाही. लेखाची जबाबदारी त्याला घेता येत नाही, असं प्रकाशन-नीतीवर काम करणाऱ्या 'कोप' या संस्थेने २०२३ मध्येच स्पष्ट केलंय. वापर मात्र सांगायचा: कोणतं टूल, कशासाठी, आणि तपासलं कोणी. नुसतं शुद्धलेखन सुधारलं असेल तर काही प्रकाशक निवेदन मागत नाहीत, काही मागतात.

साम्याचा टक्का, म्हणजे आधी छापलेल्या लेखनाशी जुळणाऱ्या मजकुराचं प्रमाण, उतरवायला एआयकडून वाक्यं फिरवून घेणं ही आपल्याकडची नवी खोड. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही खरा, पण दुसऱ्याचा विचार शब्द बदलून आपला होत नाही.

चित्रं एआयकडून काढून घेऊ नका. २०२४ मध्ये एका शोधलेखात उंदराचं हास्यास्पद एआय-चित्र छापून आलं आणि तो लेख काही दिवसांतच मागे घ्यावा लागला. मुलाखती देणाऱ्यांची नावं-माहिती चॅटबॉटमध्ये टाकू नका. छापण्याआधी मत द्यायला, म्हणजे परीक्षणाला, आलेला दुसऱ्याचा लेख तर मुळीच नाही. तो विश्वासाने दिलेला असतो.

शेवटी भाचीने निवेदन लिहिलं: "संदर्भ शोधण्यासाठी व इंग्रजी मसुद्याची भाषा सुधारण्यासाठी चॅटबॉट वापरला, सर्व संदर्भ व विधानं लेखिकेने तपासली." मी विचारलं, कोणता चॅटबॉट, कोणती आवृत्ती, कधी? तिने काहीच टिपून ठेवलं नव्हतं. ही नोंद पहिल्या दिवसापासून एका वहीत ठेवा. ती बिचारी त्या रात्री जेवण आटोपून जुने संवाद उपसत बसली होती.