गोंडस चित्रं आपलीच वाटावीत म्हणून: पाच रंग, एकच डोळा

गोंडस स्टिकर सगळ्यांचे सारखेच दिसतात, कारण सगळे तेच फिकट गुलाबी-जांभळे उचलतात. सोलापूरकरांना रंग शोधायला लांब जायची गरजच नाही.

१. घरातल्या सोलापुरी चादरीचा फोटो दिवसाच्या उजेडात काढा. ट्यूबलाइटखाली रंग फसवे येतात.

२. इबिस पेंट या चित्रं काढायच्या अ‍ॅपमध्ये फोटो उघडून आयड्रॉपरने (फोटोतला रंग उचलायचं साधन) पाचच रंग उचला: दोन मुख्य, एक फिका, एक भडक आणि एक गडद. रेघा काळ्याऐवजी या गडद रंगाने काढा. निम्मा फरक इथेच पडतो. भडक रंग चिमूटभरच, गाल किंवा चोचीपुरता. पाचही रंग पॅलेटमध्ये साठवा.

३. डोळ्याचा एकच आकार ठरवा. डोळे चेहऱ्याच्या मधल्या रेषेखाली आणि एकमेकांपासून लांब ठेवा. मग नान्नजचा माळढोक पक्षी असो, कडक भाकरी असो की शेंगाचटणीची बरणी, सगळ्यांना तोच डोळा. (भाकरीला तर फारच शोभतो.)

रेघेची जाडीही एकच ठेवा.

स्टिकर छापणार असाल तर आधी एकच शीट काढून बघा. स्क्रीनवरचे भडक रंग सीएमवायके (चार शाईंच्या) छपाईत मंद पडतात.